वगळलेले फोटो

बाबा: ...म्हणून म्हणतो, दोष चाकाचाच आहे. दुर्बीण फिरवणाऱ्या त्या पितळी चाकाचा एखादा दाता झिजलाय. आज ते पुन्हा खोलतो.

आई: चौथ्यांदा?

बाबा: तिसऱ्यांदा. पहिल्या वेळी नुसतं ग्रीस बदललं होतं, ते धरायचं नाही.

आई: अहो, चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलीत. दुकानात पोरांना काय शिकवायचात? आधी कान लावा, मग पेचकस लावा.

बाबा: चौदा रात्री कानच लावून बसलोय. ये, तूच बघ. ठेव ते शिवण बाजूला.

आई: मशीनवरनं उठायचं तर आधी गुडघ्यांची परवानगी काढावी लागते. तुम्हीच आणा तो लॅपटॉप इकडे.

बाबा: कात्री उचल मग. हां. ही बघ कालच्या रात्रीची रेघ. गच्चीवरची मोठी दुर्बीण ताऱ्यांमधल्या त्या धुळीच्या ढगाचा फोटो काढते, पाच-पाच मिनिटांचा एकेक.

आई: तो ढग, जो अजून मला एकदाही दिसलेला नाही.

बाबा: एका फोटोत नाहीच दिसत. फार फिका आहे तो. असे हजारभर फोटो एकावर एक चढवले की मग कुठे दिसायला लागतो. आणि तोवर दुर्बीण केसभरही हलता कामा नये. म्हणून तिच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण बसवलीय. ती एकाच चांदणीवर नजर रोखून असते आणि चांदणी जागची किती हलली ते दर दोन सेकंदांनी लिहून ठेवते. तीच ही रेघ.

आई: आणि तुम्ही खाली घोरत असता.

बाबा: त्यासाठीच तर सगळं आपोआप चालेल असं केलंय. आता बघ. रात्री दहापासून रेघ किती सरळ आहे. एक वाजला, दीड, दोन, सगळं ठाकठीक. आणि अडीच वाजले की हे. दहा-बारा मिनिटं नुसता धुमाकूळ. पुन्हा सरळ. सव्वाचारला पुन्हा तोच प्रकार. तेवढ्या वेळातले फोटो सगळे बाद. रोज.

आई: रोज अडीचलाच?

बाबा: पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे.

आई: म्हणजे तुमचा झिजलेला दाता घड्याळ बघून अडकतो.

बाबा: तेच तर कोडं आहे. दाता झिजला असता तर चाकाच्या दर फेऱ्याला अडकला असता. आठ मिनिटांनी एकदा.

आई: मग माहीत आहे तुम्हाला. तरी चाक खोलायला निघालात.

बाबा: दुसरं काय खोलू?

आई: मोठं करा जरा ते. अडीचचं. अजून मोठं. थांबा, इथे चष्मा लागतोय. हे बघा. उडी, मग जरा सरळ, मग उडी, मग सरळ. सारख्या अंतरावर आहेत सगळ्या. आणि सुरुवातीच्या लहान आहेत, पुढे पुढे मोठ्या होत गेल्यात.

बाबा: हो. म्हणजे?

आई: हाताने घातलेले टाके असे दिसतात. मशीनचे नाही दिसत असे. हे कुणीतरी करतंय.

बाबा: मोटरच आहे ती, तिला कोण काय करणार?

आई: अहो, पावलं आहेत ती. जिन्याच्या दारातून निघालेली, दुर्बिणीकडे येणारी. लांब असताना लहान, जवळ आली की मोठी.

बाबा: गच्चीवर कोण येणार? मी बजावून ठेवलंय ना, रात्री वर कुणी पाऊल ठेवायचं नाही म्हणून.

आई: ठेवलंय तर.

बाबा: चोर असेल.

आई: चौदा रात्री न चुकता येणारा आणि काही न नेणारा चोर. असला चोर मिळाला तर मी त्याला सदरा शिवून देईन.

बाबा: मग?

आई: जिना मी चढत नाही. तुम्ही घोरत असता ते मी ऐकते. घरात माणसं तीन. हिशोब तुम्हीच करा.

(दोघंही आतल्या खोलीकडे बघतात. दार उघडं आहे, अंथरूण नीट घडी करून ठेवलेलं आहे.)

बाबा: ठकी झोपत नाही की काय?

आई: तिची झोपेची गोळी मी माझ्या डब्यात ठेवते. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, तिच्या हाताशी ठेवू नका म्हणून. रात्री मागितली की काढून देते. गेल्या दोन आठवड्यांत तिने दोनदाच मागितली. मला आनंद झाला. म्हटलं, गोळीशिवाय झोप यायला लागली पोरीला.

बाबा: डॉक्टर तर म्हणाले, आता बरी आहे.

आई: डॉक्टर म्हणाले, बरी दिसतेय, लक्ष ठेवा. तुम्ही पहिलंच वाक्य घरी आणलंत.

बाबा: पण जेवते आता. परवा हसलीसुद्धा, मी ग्रीसचा हात तोंडाला पुसला तेव्हा.

आई: हसली. मग रात्री गच्चीवर काय करते?

बाबा: मोकळ्या हवेत जात असेल. झोप नाही आली की माणूस फेऱ्या मारतो.

आई: मग असं कसं दिसतंय की आली, उभी राहिली आणि गेली? फेऱ्या कुठायत यात?

बाबा: नाहीत. दुर्बिणीपाशीच थांबते. नऊ-दहा मिनिटं.

आई: रोज असंच?

बाबा: थांब, एकेक उघडतो. परवा, असंच. त्याच्या आदली, असंच. ही गुरुवारची. अशीच. ही पण. सगळ्या सारख्याच दिसतायत. पहिली रात्र तेवढी निराळी होती, मला आठवतंय. सगळ्यांत जास्त फोटो त्याच रात्री गेले. मला वाटलं, नवीन बसवलंय, स्थिर व्हायला वेळ लागतोय.

आई: उघडा.

बाबा: चाक त्या वेळी घट्ट होतं, त्यामुळे कदाचित...

आई: अहो, उघडा.

बाबा: ही. दोनला दहा कमी. पावलं. इथे मोठी आहेत. म्हणजे दुर्बिणीजवळून गेली. मग लहान. आणखी लहान. आता दिसेनाशी झाली.

आई: खाली गेली?

बाबा: जिन्याकडे जाताना लहान होतात, बरोबर. पण जिन्यापाशी शेवटी एक मोठी उडी असते, लोखंडी दार आपटतं ना, त्याची. इथे ती नाही.

आई: मग कुठे गेली?

बाबा: दुसऱ्या टोकाला.

आई: टाकीच्या बाजूला? जिथे कठडा...

बाबा: हो. जिथे कठडा गुडघ्याएवढाच आहे.

आई: पुढे सरकवा. किती वेळ?

बाबा: सरळ. सरळच आहे. सव्वादोन. काही नाही. अडीच. दोन पस्तीसला पुन्हा पावलं सुरू होतात. म्हणजे चाळीस मिनिटं, जास्तच.

आई: चाळीस मिनिटं पोर तिथे उभी होती.

बाबा: बसलीही असेल.

आई: तुम्ही खाली घोरत होतात आणि मी ते ऐकत पडले होते. माझ्या डोक्यावरच ती होती, आणि मला वाटत होतं, घरात एकटी मीच जागी आहे.

बाबा: असं नको बोलू. आली ना ती परत. बघ, परत आलीय रेघेत.

आई: किती वाजले आता?

बाबा: पावणेपाच.

आई: मी तिला दुपारी तीन वाजता दोऱ्याच्या रिळासाठी पाठवलंय. कोपऱ्यावरचं दुकान. जाऊन येऊन पंधरा मिनिटं.

बाबा: फोन लाव.

आई: लावतेच आहे. वाजतोय.

बाबा: हा आवाज कुठून येतोय?

आई: तिच्या उशीखालून.

बाबा: मी जाऊन बघतो. चप्पल कुठाय माझी?

आई: कुठे बघणार? दुकान दिसेल, ती नसली तर पुढे कुठे जाल? थांबा. थांबा जरा, मला विचार करू दे. मीच धाडलं तिला. म्हटलं, बाहेर पडेल, चार माणसं बघेल. ती म्हणाली, आई, नको. मी म्हटलं, जा गं, एवढंसं काम आहे.

बाबा: बरोबरच केलंस. किती दिवस कोंडून ठेवणार? पाच महिने झाले. चौकशी झाली, नुसती समज देऊन सोडलं, उद्या येऊन कामावर हजर हो म्हणाले. रक्तपेढीत पाच जणांचं काम दोघींवर टाकलं होतं, हे तिथल्या साहेबांनीच लिहून दिलंय. मग अजून का?

आई: का म्हणजे? दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्या तिच्या हातून उलट्यापालट्या लागल्या आणि एक माणूस गेला. कागदावर कुणी काहीही लिहू दे. तो तुमच्याच वयाचा होता, माहीत आहे ना? ती सुरुवातीला तुमच्याकडे बघायचीच नाही, ते तुमच्या लक्षातच आलं नाही.

बाबा: आलं होतं. म्हणूनच गच्चीवर जायला लागलो मी. म्हटलं, आपलं तोंड समोर नको.

आई: हे मला आज सांगताय.

बाबा: जातो मी. दुकानापर्यंत तरी जातो.

आई: एक सांगून जा. ती रोज दुर्बिणीपाशी दहा मिनिटं थांबते. तिच्यातून बघत असेल का?

बाबा: त्यात डोळा लावायला जागाच नाही, तिथे कॅमेरा आहे.

आई: मग काय करते? ती येऊन गेल्यावर फोटो कसे होतात? आधीचे आणि नंतरचे. फरक पडतो?

बाबा: हललेले असतात, सांगितलं ना.

आई: हललेले सोडा. ती गेल्यानंतरचे. आणि येण्याआधीचे. कापड धुण्याआधी आणि धुतल्यावर बघतात तसं बघा ना.

बाबा: सगळे फोटो कोण बघतं? खराब असतील ते यंत्रच वगळतं. ते ‘वगळलेले’मध्ये जाऊन पडतात. मी तिथे ढुंकूनही बघत नाही.

आई: आता बघा.

बाबा: कालचे घेतो. हा दीडचा. चांगला आहे. हा दोनचा. हा वगळलेला का? हलला तर नाहीये. चांदण्या फुगल्यात नुसत्या. हा सव्वादोनचा, पार धुरकट. धुक्यात दिवे दिसतात तसा. अडीचचा तर पांढराफटक. मग ते हललेले दोन. आणि हा...

आई: काय झालं?

बाबा: हा पावणेतीनचा. लख्ख आहे. एकेक चांदणी टाचणीच्या टोकाएवढी.

आई: म्हणजे?

बाबा: म्हणजे दव. लेन्सवर दव पडतं. तासा-दीड तासात काच आंधळी होते.

आई: पण मी शिवलं होतं ना त्यासाठी. दुर्बिणीचं टोपडं. जुन्या रजईचं, दुपदरी. तुम्हीच म्हणालात, दव अगदी थांबलं.

बाबा: सकाळी बघायचो तेव्हा काच कोरडी असायची. रोज कोरडी. मी चार लोकांना सांगितलं, माझ्या बायकोनं शिवलेल्या टोपड्यापुढे बाजारातल्या वस्तू झक मारतात म्हणून.

आई: थांबा. म्हणून जिन्यात हेअर ड्रायर असतो. मी दोनदा उचलून आत ठेवला. म्हटलं, ही पोरगी जिन्यात केस वाळवते की काय.

बाबा: अडीचला एकदा. सव्वाचारला एकदा. दव परत धरतं ना तेवढ्यात.

आई: दार वाजलं.

बाबा: तू काही बोलू नकोस. मी बोलतो.

आई: तुम्ही काय बोलणार? चाकाबद्दल?

ठकी: आई, तीन दुकानं फिरले. हा जांभळा कुणाकडेच नाही. एकाकडे जरा गडद आहे, तो आणलाय. उन्हात धरला तर जुळतो. काय झालं? असे का बघताय दोघं?

आई: काही नाही. फोन विसरलीस.

ठकी: हो, अर्ध्या वाटेत आठवलं. म्हटलं, दोरा तर आणायचाय. बाबा, चप्पल एकाच पायात का घातलीय?

बाबा: दुसरी सापडत नव्हती. ठकी, लेन्स कशानं कोरडी करतेस?

ठकी: लेन्स?

आई: झालं. हे असं बोलतात.

ठकी: तुम्हाला कसं कळलं?

बाबा: रेघेत येतं. पाऊल टाकलं की येतं.

ठकी: मी तर चवड्यांवर चालायचे. म्हणजे माझ्यामुळे फोटो खराब होत होते?

बाबा: रोज चार. आणि तू आली नसतीस तर चाळीस गेले असते. कशानं पुसतेस ते सांग फक्त.

ठकी: पहिल्या दिवशी स्वेटरच्या बाहीनं पुसली. मग ड्रायर.

बाबा: स्वेटरच्या... लोकरीच्या?

आई: अहो.

बाबा: चालतं. लोकर चालते. काच आहे, काय व्हायचंय तिला?

ठकी: मी सांगणार होते. पण आईनं एवढं दुपदरी टोपडं शिवलं, आणि तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात. मग कसं सांगायचं? दव पडतं म्हटलं असतं तर दोघांचा एकदमच हिरमोड झाला असता.

आई: ठकी, इथे बस. माझ्यासमोर. पहिल्या रात्री टाकीपाशी काय करत होतीस?

ठकी: तेही येतं रेघेत?

बाबा: तू चाललीस तेवढं येतं. उभी राहिलीस ते येत नाही.

ठकी: त्या रात्री मी लेन्स पुसायला गेले नव्हते, आई.

आई: हो.

ठकी: रागावू नको.

आई: रागावले नाही. बोल तू. मी ऐकतेय.

ठकी: फार काही ठरवलं नव्हतं. नुसती तिथे उभी होते. त्या माणसाच्या मुलीनं मला विचारलं होतं ना, तुमचे वडील आहेत का म्हणून, तेच कानात फिरत होतं. सारखं तेच. मग थंडी वाजायला लागली आणि दुर्बिणीचा आवाज ऐकू आला. मोटरची किरकिर. मी वळून बघितलं तर ती आपली फिरतेय हळूहळू. वाटलं, हिच्यावर निदान झाकण घालून जावं, बाबांचा जीव आहे तिच्यात. म्हणून जवळ गेले, तर काच पूर्ण ओली. पाणी ओघळत होतं. ती काही बघतच नव्हती, आणि तरी फोटो काढत होती. सकाळी तुम्ही उठणार आणि तुमच्या हाती धुकं येणार, आणि तुम्हाला कळणारही नाही का ते.

बाबा: नसतंच कळलं.

ठकी: पाच महिन्यांत पहिल्यांदा मला एखादी चूक वेळेवर दिसली होती, बाबा. मग पुसली. त्यातून वर यायला... म्हणजे खाली यायला बराच वेळ गेला. पण झोप लागली.

आई: आणि दुसऱ्या रात्री?

ठकी: दुसऱ्या रात्री वाटलं, आजही ओली होणार. तेवढं करू, मग बघू. तिसऱ्या रात्री पण, तेवढं करू, मग बघू. रोज असंच. केल्यावर पाय दुखायचे आणि झोप यायची.

आई: काल पण तसंच म्हणालीस? मग बघू?

ठकी: काल नाही म्हटलं. काल नुसता गजर लावून उठले.

आई: उद्या डॉक्टरांकडे जाऊ. हे सगळं असंच सांगायचं त्यांना. मी येते बरोबर.

ठकी: आणि बाबा?

आई: तेही येतील. अर्धंच ऐकतात, पण येतील.

ठकी: जाऊ.

बाबा: ऐक, दवावर एक उपाय आहे. गरम पट्टी मिळते. लेन्सभोवती गुंडाळायची, रात्रभर जरा कोमट राहते, दव धरतच नाही. मी मागवणारच होतो, पण टोपडं चाललं म्हणून...

आई: काही पट्टीबिट्टी मागवायची नाही.

बाबा: अगं, पण तिची झोप तरी...

आई: अहो.

बाबा: हां. नाही, बरोबर आहे. पट्ट्यांचा भरवसा नसतो. जळतात मध्येच.

ठकी: मला कळतंय हं, तुम्ही काय करताय ते. मागवा पट्टी, बाबा. रोजचे चार फोटो वाचतील.

बाबा: रोजचे चार म्हणजे काहीच नाही. तू आपली नेहमीसारखी चाल, चवड्यांवर नको. आणि मला उठव. मी बॅटरी धरतो.

ठकी: तुम्ही उठता होय गजरानं?

बाबा: हलव मला. पाय ओढ.

आई: मी पण येते.

ठकी: तू? जिना?

आई: एकेका पायरीवर बसत येईन. मला तो ढग बघायचाय.

ठकी: तिथे काहीच दिसत नाही गं, आई. नुसता अंधार असतो.

आई: नसू दे दिसत. अडीचला उठायचं तर आज जेवणं लवकर उरकायला हवीत. तो दोरा दे इकडे.